सारजाबाईची जागा

"सारजे, अगं ए सारजे, कढीपत्ता हाय का?"

चंद्रकलाबाईंनी गॅलरीतून हाक मारली आणि शेजारच्या फ्लॅटमधली मेधा हसत हसत कढीपत्ता देऊन गेली. आत कॉम्प्युटरसमोर बसलेला दयानंद मात्र ओशाळला.

"आई, ती मेधा आहे. किती वेळा सांगायचं?"

"मेधा तर मेधा. तोंडात सारजाच येतंय, काय करू?"

सारजाबाई म्हणजे औशातली शेजारीण. बाबा गेल्यावर दयानंदने आईला पुण्याला, महाळुंग्याच्या आपल्या फ्लॅटवर आणलं, तेव्हापासून तिचा एकच धोशा, मला गावी, औशाला पोचव. आता बॅगही भरून दाराशी ठेवलेली, परवाची गाडी. त्याला ती इथंच हवी होती. पण राहा म्हणायला जीभ रेटत नव्हती.

"दिवसभर काय करलालास रे त्या पडद्यावरच्या ठिपक्यांचं?" मटार सोलता सोलता तिने विचारलं.

"हे यीस्टच्या पेशीतलं जाळं, हे माशीच्या. एकेक ठिपका म्हणजे एकेक प्रथिन. ह्यातल्या कोणाच्या जागी त्यात कोण आहे, ते शोधायचं. नाव वेगळं असलं तरी चालतं; काम आणि शेजार जुळला पाहिजे."

"हात्तिच्या! एवढंच व्हय? माझंबी तेच चाललंय की." ती खुलली. "मेधा सारजाच्या जागी. भाजीवाली गंगूबाईच्या जागी, तशीच खमकी. गोळ्या घरी आणून देणारा तो मेडिकलवाला, आपल्या गावच्या दवाखान्यातल्या नरहरीच्या जागी."

स्वारी रुळतेय म्हणायची! दयानंद मनोमन सुखावला. राहा म्हणायला हीच वेळ होती. लाडात येऊन त्याने विचारलं, "आणि मी गं? मी कोणाच्या जागी?"

तिचा हात शेंगेवर थांबला. ती खरोखरच आठवू लागली.

"तू?" आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "तू तिथं कुटं होतास, लेकरा?"

दहावीनंतर लातूर, मग पुणे, मग जर्मनी. जोडी न सापडलेले ठिपके त्याचा प्रोग्रॅम सरळ वगळून टाकायचा; तसं त्यानेच लिहिलं होतं.

त्याने कॉम्प्युटर बंद केला, तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली आणि एक शेंग उचलली.

"आई, जाऊ नको."

"किडकी बगून टाक," ती म्हणाली, आणि उरलेल्या शेंगांचा ढीग तिने त्याच्या पुढ्यात सरकवला.