बिनचहाची मोजणी

"बांध काय म्या खाल्ला? नांगर सरकतो जरा!" हाज्जी झेनहुम ओरडला.

"नांगर तुमच्या हातात हुता न्हवं, हाज्जी? का त्येलाबी आता पाय फुटलं?" शफीकानं बांधावरनं तसंच तोंडावर फेकलं.

मी माझ्या वांग्यात खुरपत होते. खुरपं तिथंच टाकलं आणि ऐकत बसले. अशी भांडणं फुकट मिळतात, सोडायची कशाला?

फय्यूमच्या आमच्या इज्बत शाहीन वाडीत बांध कोरण्यात झेनहुमचा हात कुणी धरत नाही. दर नांगरटीला वीतभर. शफीकाचा नवरा होता तोवर वीत, तो गेल्यावर हातभर. कोरत कोरत गडी यंदा पाटाचं पाणी शेतात घ्यायच्या दारापर्यंत आला होता. आणि ते दारं गेलं, की शफीकाचा बरसीमचा चारा वाळला, चारा वाळला की म्हैस आटली. त्या एका म्हशीच्या दुधावर तिचं आणि दोन पोरींचं घर चालतं. हद्दीची सरकारी लोखंडी खुंटी? ती हाज्जीच्या गोठ्यात आहे, तिला त्याचा रेडा बांधतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय, पण मला कोण विचारतो!

शेवटी शफीकानं मोजणी मागवली.

आधी आमच्याकडं मोजायला मेतवल्ली एफेंदी यायचा. देवमाणूस! दोन्ही घरी जेवायचा, दोन्हीकडचं बदक पिशवीत घालायचा, आणि ज्याच्या घरी बदक जाडं, त्याच्या बाजूनं फीत सैल सोडायचा. सगळा उघडा कारभार. हरलेला माणूससुद्धा म्हणायचा, "चूक माझीच, बदक रोड निघालं." पण मोजणीदारांच्या संघानं त्याचा शिक्का काढून घेतला. म्हणे, आता नवे नियम, नवी शपथ. त्याच्या जागी हा आला, इंजिनिअर वगीह. इस्त्रीचा सदरा, मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई खांद्यावर, आणि हातात स्वतःची पाण्याची बाटली. बाटली बघूनच मला ह्याचं लक्षण ठीक दिसेना.

सकाळी तो उतरला तसा हाज्जी आडवा गेला. "या, या! कबुतरं भरून ठेवल्यात. आधी च्या घ्या."

"माफ करा, हाज्जी. ज्यांची जमीन मोजायची त्यांच्या घरचं पाणीसुद्धा आम्हाला चालत नाही. शपथ घेतलीय."

"पान्यानं काय शपथ मोडती व्हय?"

"पाण्यापासनंच सुरुवात होते, हाज्जी," तो हसून म्हणाला आणि पुढं निघाला.

शफीकानं पोरीच्या हाती काळा चहा पाठवला. चार चमचे साखर, वर पुदिना. त्यानं पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि पेला तसाच परत धाडला. तुतीच्या झाडाखाली बसून आपला आपण डबा उघडला आणि एकटाच भाकरी खायला लागला. एकटाच! गावात माणसं मेली होती का?

आता तुम्हाला सांगते, आमच्यात ज्याच्या घरची मीठभाकरी पोटात गेली, त्याला दगा देता येत नाही. दिला तर ती भाकरी नरड्यात अडकते. मग जो खातच नाही, त्याच्या मनात काय असणार? नरडं मोकळं कशाला ठेवतो माणूस?

शफीका माझ्या अंगणाच्या भिंतीपाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"रतीबा, त्यानं माजा च्या न्हाय घेतला गं."

"हाज्जीकडंबी न्हाय घेतला म्हनं."

"लोकांच्या देखत न्हाय घेतला! आत काय झालं कुनाला ठावं? हाज्जीनं तालुक्यालाच गाठला असंल त्येला. गरिबाचा च्या कशाला गोड लागंल?" ती मटकन खाली बसली. "दारं गेलं माजं. पोरींना काय घालू गं?"

तिकडं हाज्जीच्या अंगणातही रडगाणं तेच. बायको भरली कबुतरं परत टोपलीखाली झाकत होती आणि हाज्जी येरझाऱ्या घालत होता. "शफीकाचा भाऊ कैरोत कुन्या सायबाची गाडी चालवतो. वरनं सांगून धाडलाय ह्येला. न्हायतर भरलं कबूतर सोडंल का कोन? आता बांध तर जाईलच, वर खुंटीचा खटला बसंल!"

आणि तो वगीह बिचारा उन्हात घाम पुशीत, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून, दोघांच्याही बांधावर सारखाच वाकत होता. अख्ख्या गावात त्या दिवशी एकच माणूस बिनघोर होता आणि त्याच्याच भीतीनं गाव वाळत होतं.

दुपारच्या नमाजाला हाज्जी उमद्याच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, ओसरीवर पोचला, तर शफीका आधीच तिथं बसलेली, शेजारी मी. गावचा उमदा अवदल्लाह म्हणजे सांगणं कमी, खोकणं जास्त. दोघांकडं बघून आधी भरपूर खोकला.

"मोजनी हुईस्तवर थांबायचं का?" त्यानं विचारलं.

"नगं!" दोघं एका सुरात म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचं एका शब्दावर जमलं ते तेवढंच.

मग तोडगा निघाला. दारं अर्धंअर्धं. पाण्याची एक पाळी हाज्जीची, एक शफीकाची. बांध आहे तिथंच. आमच्यासमोर दोघांनी हात उघडले, फातिहा वाचून शब्द पक्का केला, चहा फिरला. हाज्जी सुटल्यासारखा हसला. शफीकानं डोळे पुसले आणि माझ्या कानात म्हणाली, "अर्धं तरी वाचलं, रतीबा."

दिवस कलल्यावर, असरच्या नमाजाला, वगीह ओसरीवर आला. हातात कागद, तोंडावर माती.

"मोजणी झाली. दारं पूर्ण शफीकाबाईंचं. शिवाय हाज्जींच्या शेतातल्या घेवड्याच्या तीन सऱ्यासुद्धा त्यांच्याच आहेत. खुंट्या मी ठोकल्यात."

हाज्जीचं तोंड उघडं ते उघडंच. मग तेच तोंड हळूहळू पसरत गेलं.

"फातिहा झालीया, उमदासाहेब."

"झालीया," उमदा खोकला.

"कसली फातिहा? लिहून घेतलंय का काही?" वगीहनं विचारलं.

"फातिहेवर आनी काय लिवत्यात?" हाज्जी म्हणाला.

वगीहनं शफीकाकडं बघितलं. "बाई, माझा कागद तुमच्या बाजूनं आहे. दावा केलात तर जिंकाल."

"आन् दिलेला शब्द?" शफीका म्हणाली. "उद्या माज्या पोरी ह्याच गावात द्यायच्यात मला." ती उठली आणि घराकडं चालायला लागली. मी तिच्या मागं. माझा जीव तुटत होता, पण तोंडात शिव्या होत्या. कुणाला द्यायच्या तेच कळेना.

जरा वेळानं वगीह तिच्या दारात आला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मोजणीच्या कागदावर सह्या झाल्या, काम संपलं. आता नियम आड येत नाही. सकाळचा चहा राहिलाय, दिलात तर घेईन."

शफीकानं चूल पेटवली. चार चमचे साखर, वर पुदिना. दोन्ही हातांनी पेला पुढं केला.

"घ्या, साहेब. गरम हाय, फुंकून प्या." मग दाराबाहेर, पाटाकडं बघत म्हणाली, "सकाळी ह्योच घेतला असतासा, तर माजं पानी वाचलं असतं."