कडुलिंबाच्या तेलाचे हात

भागवतनं हसनाबादला घराला लागून रेशमाची शेड टाकली, आणि त्या दिवसापासून घरातल्या माणसांनी कसं राहायचं हे अळ्या ठरवू लागल्या. रेशमाच्या अळीचा जीव तो केवढा आणि नखरे केवढे. तिला धूर सोसत नाही, तंबाखू सोसत नाही, पावडरीचा वास सोसत नाही. मच्छरांची कॉइल माणसांच्या खोलीत लावली तरी ही शेजारच्या शेडमधे मान टाकते. भागवत प्रशिक्षण घेऊन आला तो कॉइलचा पुडा उकिरड्यावर फेकूनच घरात शिरला. दिवेलागणीला दारात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची त्याच्या आईची, गोजरबाईची, जुनी रीत होती. ती बंद झाली. गुडघ्यांना ती कडुलिंबाचं तेल चोळायची, तेही बंद झालं. तेलाचा हात तुतीच्या पाल्याला लागला आणि तो पाला अळ्यांनी खाल्ला की अख्खी बॅच हातची जाते, असं त्याला शिकवलं होतं. तेलाची बाटली माळ्यावर गेली आणि गोजरबाईचे गुडघे ठणकत राहिले.

मच्छरांना मात्र कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. शेड गार ठेवायला बाहेर पाण्याचे ड्रम भरलेले, भिंतीला ओली पोती टांगलेली, त्यात मच्छरांची चंगळ झाली. शेडच्या खिडक्यांना आणि दाराला बारीक जाळी होती, कारण उझी माशी आत शिरली तर ती अळीच्या अंगावर अंडी घालते. म्हणजे अळ्या जाळीत आणि माणसं उघड्यावर, असा संसार सुरू झाला. भागवतची मुलगी शिवकन्या नुकती पहिलीत गेली होती. ती सकाळी उठायची ती हातपाय खाजवतच.

तेव्हा भागवतला आईची आठवण झाली.

आठवण म्हणायचं, कारण तिचा नवरा रखमाजी गेल्यापासून या घरात गोजरबाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. बी कुठलं घ्यायचं, पाहुण्यांना काय करायचं, पोरीच्या खोकल्याला काय द्यायचं, ती तोंड उघडायची आणि भागवतचं उत्तर तयार असायचं, माय, तुला काय कळतं त्यातलं. पोरगा वाईट नव्हता. दोन वेळचं ताट, औषधाची गोळी, सणाला लुगडं, सगळं बराबर द्यायचा. फक्त तिचं बोलणं त्याच्या कानात शिरायचं नाही. आणि ज्या बाईनं चार दिरांचं खटलं एकटीच्या हिमतीवर ओढलं, तिला ताट मिळून भागत नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

त्या संध्याकाळी भागवत तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसला. म्हणाला, "माय, तुमच्या वक्ताला काय करत होते मच्छराला? पोटातून घ्यायचं काही असंल तर सांग. जुन्या लोकांचंच खरं असतं."

गोजरबाई हुरळून गेली. तिच्या आईचं औषध तिला पाठ होतं. अनशापोटी कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्याची गोळी, जेवताना कच्च्या लसणाच्या पाकळ्या, कारल्याची भाजी वरचेवर. आणि गूळ-साखर बंद, कारण गोडानं रक्त गोड होतं आणि मच्छर त्यालाच हुंगत येतो. हे तिनं एका दमात सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. तिच्या आईच्या घरी दारात धूरही असायचा आणि अंगाला तेलही असायचं. त्यातल्या कशानं मच्छर पळायचे हे कुणी वेगळं करून पाहिलं नव्हतं. भागवतनं ते विचारलं नाही, आणि विचारलं नाही ते आपण होऊन सांगायला ती काही खुळी नव्हती. इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकत होतं.

मग काय, औषध सुरू झालं. घरभर लसणाचा वास आणि सगळ्यांच्या जिभेवर कडू. भागवत शेडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा की आमच्या मायचा इलाज आहे, खर्चा बिलकुल न्हाई. शेजारची चांगुणाबाई मुद्दाम विचारायला आली. गोजरबाईनं तिला ओट्यावर बसवून सगळं समजावलं आणि वर सांगितलं की मला तर आता एक मच्छर शिवत नाही. हे सांगताना तिनं पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता. दंडावर, पोटरीवर गांधी उठल्या होत्या. कुणी नसलं की ती दाराच्या चौकटीला पाठ घासायची.

सगळ्यात वाईट झालं ते शिवकन्येचं. शाळेतून आली की आजीच्या मांडीवर बसून शेंगदाणे आणि गुळाचा खडा खायचा, हा दोघींचा नेम होता. पोरगी दप्तर टाकायच्या आधी तळहात पुढं करायची. आता तळहातावर गुळाऐवजी लसणाची सोललेली पाकळी यायची. सकाळची हिरवी गोळी तर ती गिळायचीच नाही. गोजरबाई नाक दाबून तोंड उघडायला लावायची आणि गोळी आत ढकलायची. एकदा गूळ देते म्हणून फसवूनही गोळी दिली. पोरगी रडली, थुंकली, आणि दुसऱ्या दिवसापासून आजी दिसली की तिची नजर आधी आजीच्या मुठीकडे जायला लागली. तुझ्याच भल्याचं आहे, असं गोजरबाई म्हणायची. तिला तसं खरंच वाटायचं. निदान तसं वाटून घ्यायची तिला सवय लागली होती.

सून मीना कमी बोलणारी होती. एके दिवशी जेवताना तिनं विचारलं, नव्यानं बांधायच्या दुसऱ्या शेडसाठी आणलेल्या जाळीचं भेंडोळं कोपऱ्यात तसंच पडून आहे, त्यातला एक तुकडा कापून पोरीच्या खाटेला मच्छरदाणी शिवू का. भागवतनं घास हातात धरून आईकडे पाहिलं. त्याची तयारी होती, नक्की होती. आई हो म्हणाली असती तर त्यानं जेवण झाल्यावर कात्री आणून दिली असती. हे गोजरबाईला तेव्हाही कळत होतं.

"माझा लसूण असताना जाळी कशाला?" ती म्हणाली.

भागवत हसला आणि जेवायला लागला. मीना ताटातलं कारलं चिवडत बसली. गोजरबाईला बरं वाटलं. आपल्या एका शब्दानं घरातला निकाल लागला, हे सुख तिला फार दिवसांनी मिळालं होतं.

बॅच कोषावर आली त्याच दिवसांत शिवकन्येला ताप भरला. आधी अंगदुखी, मग डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून रडणं, मग अंगावर लाल पुरळ. भोकरदनच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जालन्याला न्यायला सांगितलं. डेंग्यू निघाला. आठवडाभर पोरगी सलाईनवर होती. मधे एक दिवस तिच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि मीना भिंतीला टेकून खाली बसली ती उठेना. गोजरबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून नवस बोलत होती. कोणाकोणाला काय बोलली ते तिला पुढं आठवलंही नाही.

धोका टळल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बोलावलं. घराजवळ पाणी साठतं का, पोरीला मच्छरदाणी होती का, असं त्यांनी विचारलं.

भागवतनं आईकडे बोट केलं. "आमची मायच म्हनली, जाळी नको. लसूण चारत होती पोरीला. म्हाताऱ्या माणसाचं ऐकलं अन् हे झालं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रागावल्या नाहीत, आणि गोजरबाईला तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "आजी, लसूण भाजीत घाला, चांगला लागतो. मच्छराला त्याचं काही नसतं. आणि हा मच्छर दिवसा चावतो."

खोलीतल्या बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक वळून पाहू लागले. जाळीचं भेंडोळं तूच कोपऱ्यात ठेवलं होतंस, कॉइल तूच फेकलीस, धूर तूच बंद केलास, ड्रम तूच भरलेस, हे सगळं गोजरबाईच्या ओठांवर आलं. पण त्याच्यामागून तिचंच वाक्य आलं, माझा लसूण असताना, आणि तिनं तोंड मिटलं. खापर तिच्या डोक्यावर फुटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त ते सगळं एकटीच्या डोक्यावर फुटलं, याची आग तिच्या काळजात राहिली.

घरी आल्यावर मीनानं दुकानातून कॉइल आणली आणि कुणाला न विचारता लावली. ड्रम पालथे केले. शेड तेव्हा रिकामी होती, म्हणून भागवतनं ते चालवून घेतलं. मच्छरदाणी येत्या बाजारी आणतो म्हणाला. बाजार आला आणि गेला. तो दुसऱ्या शेडच्या पायाच्या कामात होता, विसरला. पुढच्या बाजारीही विसरला. मुद्दाम नव्हे. पोरगी आता हिंडत-फिरत होती, एवढंच. माणसाचं दुखणं डोळ्यांआड झालं की संपलं, असं त्याचं आतापर्यंतचं आयुष्य होतं.

मग एका संध्याकाळी तो पुन्हा गोजरबाईजवळ येऊन बसला. तसाच, जमिनीवर.

"माय, उद्या चॉकी येऊन राह्यली. कॉइल बंद करावी लागंल. या बॅचपुरतं तुझं ते चालू कर."

चॉकी म्हणजे लहान अळ्या, केंद्रात जपून वाढवून शेतकऱ्याला देतात त्या. गोजरबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. दवाखान्यात बोट केलं तोच हात त्यानं आता तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला होता. तिचं औषध त्याला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नव्हतं. ते फुकट होतं आणि अळ्यांना बाधत नव्हतं, त्याची किंमत तेवढीच होती. आणि आपण त्यालाच मान समजून बसलो, हे कळल्यावर तिला इतकी लाज वाटली की त्या लाजेचाच राग झाला.

"जाळी दे आधी," ती म्हणाली.

भागवतनं समजूत घातली की जाळी दुसऱ्या शेडला मोजून आणली आहे, बाजारी तयार मच्छरदाणीच आणू. तिनं मान हलवली. त्याला वाटलं, पटलं.

सकाळी चॉकी केंद्रावरून अळ्या घेऊन संपत ड्रायव्हरची पिकअप अंगणात आली तेव्हा गोजरबाई शेडच्या आत, अळ्यांसाठी धुऊन-पुसून तयार केलेल्या रॅकपाशी, उलट्या पाटीवर बसली होती. माळ्यावरची बाटली तिच्या पायाशी रिकामी पडली होती. दोन्ही हात कोपरांपर्यंत तेलानं निथळत होते. तिनं ते मांडीवर उताणे धरले होते, कशालाही न लावता. शेडमधे कडुलिंबाचा उग्र वास भरला होता.

भागवत दारातच थबकला. मग ओरडला, मग पाया पडतो म्हणाला, मग पुन्हा ओरडला. संपतनं बाहेरून सांगितलं की ऊन चढून राह्यलं, गाडीत अळ्या तग धरणार न्हाईत, जल्दी करा. भागवत दोन पावलं पुढं आला.

"यी," गोजरबाई म्हणाली. "उचल मला. मंग त्याच हातानं तुझ्या अळ्या सोड."

तो जागच्या जागी उभा राहिला. तिला हात लावला तर तेल त्याच्या हाताला लागणार होतं, न लावला तर ती उठणार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं, आणि ते फार मोठंही नव्हतं.

"पोरीच्या खाटेला जाळी बांध. मी उठते."

मीना मागं उभीच होती. तिच्या हातात कात्री होती. ती कधीपासून होती कुणास ठाऊक. भागवतनं दात-ओठ खात भेंडोळं ओढलं आणि म्हणाला, काप. मीनानं कापलं, चार काठ्या खाटेला बांधल्या, टाके घातले. तोवर गोजरबाई हलली नाही. शेवटी हात अंगापासून लांब धरून, कशाला स्पर्श होऊ न देता, ती बाहेर आली. रॅकला तेलाचं बोट लागलं नव्हतं. भागवतनं दारं-खिडक्या सताड उघडून वास जाऊ दिला आणि गाडीतल्या अळ्या तेवढ्यात घराच्या सावलीला उतरवून घेतल्या. आईशी तो बोलला नाही. पुढं बरेच दिवस बोलला नाही.

दुपारी शिवकन्या शाळेतून आली. आजारानंतर ती लवकर दमायची. खाटेवरची पांढरी जाळी पाहून तिला नवल वाटलं. ती आत शिरली, आतून बोटानं जाळी ढकलून पाहिली आणि आडवी झाली. मीना कडेला बसून जाळीच्या कडा गादीखाली खोचत होती.

गोजरबाईनं डब्यातून गुळाचा खडा काढला. चांगला मोठा, पूर्वीसारखा. बरोबर मूठभर शेंगदाणे घेतले आणि खाटेपाशी आली. हात तिनं सकाळपासून दोनदा धुतले होते. तिनं मूठ उघडून पुढं केली, पोरीला गूळ दिसावा म्हणून.

शिवकन्येनं गुळाकडे पाहिलंच नाही. वास आला तशी तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीकडे सरकली. "मम्मी, जाळी नीट खोच," ती म्हणाली. "आज्जी आत यील."

मीनानं सासूकडे पाहिलं. पोरीला दटावावं असं क्षणभर तिच्या मनात आलेलं दिसलं. मग तिनं खाली मान घातली आणि राहिलेली कड गादीखाली खोचली.

गोजरबाईनं गूळ पदराच्या टोकाला बांधला आणि ती पुन्हा हात धुवायला मोरीवर गेली. साबण बराच घासला. कडुलिंबाच्या तेलाचा वास लवकर जात नाही.