देवीचा हातचा

"सरपंच, उत्तर सांगू नका! देवीच सांगेल!"

अंकनाथ महाराजांनी भगवी बाही कोपरापर्यंत सारली, मंत्राचा कागद जाळून त्याची राख घेतली आणि डाव्या हातावर खसाखसा चोळली. हातावर काळे आकडे उमटले. एक, शून्य, आठ, नऊ. सरपंच रखमाजीआबांनी ज्यावर हिशेब केला तो मोबाइल उंच धरला. त्याच्यावरही १०८९! आमच्या शाळेचं पटांगण टाळ्यांनी दणाणलं. नववीतल्या सार्थकच्या आजी रतनबाईंनी तर तिथल्या तिथं लोटांगण घातलं.

शाळेचं नाव सांगत नाही. परंदवडीच्या आसपासची आहे एवढं पुरे, मला तिथंच नोकरी करायची आहे. मी यशोधरा, नववीला गणित शिकवते. म्हणजे शिकवायचं असतं. वर्षाचे निम्मे दिवस सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती आणि कार्यक्रमांचे फोटो चढवण्यात जातात. उरलेल्या दिवसांतला गुरुवारचा तास आमच्या हेडसरांनी या महाराजांना देऊन टाकला. का, तर म्हणे "मुलांची गणिताची भीती जाईल." तास कुणाचा, दान कोण करतंय!

महाराजांची बडबड मला पहिल्या मिनिटापासून खटकत होती. "तीन अंकी संख्या धरा. पहिला आणि शेवटचा अंक सारखा नको, देवीला जुळं चालत नाही! तीच संख्या उलट लिहा. मोठीतून लहान वजा करा. उरेल ते पुन्हा उलट लिहून त्यातच मिळवा. हातच्याची चिंता नको, हातचा देवी देते!"

देवीला इतकी वजाबाकी कशाला लागते, असं मी पुटपुटले. हेडसरांनी डोळे वटारले.

मग मुलांची पाळी आली. शाळेत मोबाइलला बंदी, म्हणून मुलांनी कागदावर केलं. बत्तीस मुलांपैकी तेरा जणांचं १०८९ आलं. एकोणीस जणांचं भलतंच. महाराजांचा चेहरा क्षणभर पडला, पण माणूस तयारीचा. "बुद्धिबाधा!" ते गरजले. "ही मुलं सव्वा महिना शाळेत बसवू नका. बाधा घरादाराला लागेल!"

त्या एकोणिसांत ठाकरवाडीची चिंगी होती. तिच्या वाडीतली नववीपर्यंत आलेली पहिली मुलगी. तिचा बाप सावळा गर्दीत मागं उभा होता. मी त्याला गाठलं.

"सावळाभाऊ, हे काही खरं नाही हो."

"बाई, तुमी शिकल्याल्या. आमची वाडी हाय रानात. उद्या कुनी आजारी पडलं तर समदी माज्या पोरीकडं बोट दावतील." तो जमिनीकडं बघत होता. "लोनावळ्याला बंगल्यावर धुन्याभांड्याचं काम हाय. पुढच्या शुक्रवारी धाडतो तिला."

"आणि शाळा?"

"मोप शिकली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ओरडून काय होणार? माझ्याजवळ फक्त कागद होते. एकोणीस कागद घेऊन मी खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंच्या चुलीशेजारी बसले.

पहिला कागद सार्थकचा. ८१२ वजा २१८. उत्तर ६०६. दुसरा पप्पूचा. ९४१ वजा १४९. उत्तर ८०८. मी कपाळावर हात मारला. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून सार्थकनं आठातून दोन घालवले होते. हातचा घेतलाच नव्हता! अठरा कागदांवर हीच चूक. दुसरी-तिसरीतली हातच्याची वजाबाकी नववीच्या पोरांना येत नव्हती, आणि तिचं नाव पडलं होतं बुद्धिबाधा.

एकोणिसावा कागद चिंगीचा. ६३५ वजा ५३६, बरोबर ९९. उलट लिहिले तरी ९९. बेरीज १९८. मी तीनदा तपासलं. एक चूक नाही. मग महाराजांचा १०८९ का आला नाही? मी ९९ च्या डावीकडं एक शून्य लिहिलं, ०९९. उलट केलं, ९९०. दोन्ही मिळवले, १०८९ झाले, आणि मी खुदकन हसले.

"काय झालं बाई?" नंदाबाईंनी विचारलं.

"नंदाबाई, या महाराजालासुद्धा गणित येत नाही हो! पाठ केलेली युक्ती आहे ही."

"मंग हातावर कसं उमटतं वं?"

"आधी लिहिलेलं असतं. कशानं, ते शोधायचंय."

नंदाबाईंनी भांडी घासायच्या साबणाची ओली वडी उचलली, कोपरा मनगटावर ओढला, वाळू दिला आणि चुलीतली राख चोळली. काळी रेघ उठून दिसली. "आमी भांडी घासतो बाई. राख कुटं चिकटती ते आमाला ठावं," त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट. सावळाही आला होता, चिंगीचं नाव काढायचा अर्ज घेऊन. महाराज बाही सारणार तोच मी पुढं झाले.

"आबा, आज चिंगीची संख्या धरा. ६३५. मोबाइलवरच करा."

रखमाजीआबांनी बटणं दाबली. पुन्हा दाबली. "ह्ये काय! एकशे अठ्ठ्याण्णव येतंय!"

"अरे देवा," मी म्हणाले, "सरपंचांनाच बुद्धिबाधा!"

गर्दीत फसकन हसू फुटलं. महाराज म्हणाले, "सरपंचांचं मन आज अशुद्ध आहे."

"माजं मन अशुद्ध?" आबा तडकले. "अन् मोबाइलचंबी का?"

मी माझ्या हातावर राख चोळली. १९८ उमटले. मी साबणाची वडी दाखवली. "सकाळीच लिहून आलेय. महाराज, आता तुम्ही हात धुवा आणि मग राख चोळा."

महाराजांनी बाही खाली ओढली. "देवीची चेष्टा करू नका!"

"चिंगी, फळ्याकडं ये."

आठवडाभर संध्याकाळी नंदाबाईंच्या चुलीशेजारी आम्ही दोघींनी हेच करून पाहिलं होतं, तरी पोरगी घाबरत आली. खडू हातात घेतला आणि तिचा आवाज सुटला. "कोनतीबी संख्या धरली तरी वजाबाकी नव्व्याण्णवच्या पटीतच येती. १९८, २९७, ३९६... मधी कायम नऊ, आन् कडंचे दोन मिळून नऊ. मंग उलट करून मिळवलं की १०८९ च! माजे आलते नुसते ९९. मी डावीकडं शून्य लिवलं न्हाई. शून्य लिवलं की ०९९ आन् ९९०, झाले १०८९. देवी कशाला पायजे?"

महाराज केव्हा फाटकाबाहेर पडले ते कुणी पाहिलंच नाही. हेडसर वहीत काहीतरी शोधत राहिले.

सावळा पुढं आला. हातातला अर्ज चुरगळला होता. "म्हंजी बाई, माज्या पोरीत दोष न्हाई?"

"नाही भाऊ. तिचं उत्तर तर पहिल्या दिवशीच बरोबर होतं. बाकीच्या अठरांतही बाधा नाही." मी गर्दीकडं वळले. बोलायला जड गेलं, पण बोलले. "त्यांना हातचा येत नाही. आणि प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात समाधानकारक' असं लिहून खाली सही मी केलीय. खोटी सही. महाराजांनी एका दिवसात तुम्हाला फसवलं, मी वर्षभर फसवत होते."

सावळानं तो चुरगळलेला अर्ज फाडून टाकला. रतनबाईंनी नातवाला, सार्थकला, जवळ ओढून घेतलं.

म्हणून हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला की पाया पडायच्या आधी कागद घ्या आणि करून बघा. आणि तुमच्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर माझ्यासारखीची सही असेल, तर तीही तशीच मानू नका. आज घरी गेल्यावर पोराला समोर बसवा, आठशे बारातून दोनशे अठरा वजा करायला सांगा, आणि त्याची पेन्सिल कुठं अडते ते बघा.