फिनिक्सला बारा मिनिटं उशिरा

दार दहाला बंद होणार होतं. पत्रात तसं ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि खाली रेघही ओढलेली होती. रेना कॉडिल त्या दारापाशी पोचली तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

दाराशी ओरोस्को नावाचा एक वयस्क पहारेकरी बसला होता. त्याने तिचं पत्र वाचलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि पत्र परत दिलं.

"केंटकीहून आलात?"

"हो."

"इतक्या लांबून आलात, बाई, आणि शेवटी बारा मिनिटांनी घात केला होय?"

"रस्त्यात थांबावं लागलं," रेना म्हणाली. कशासाठी ते सांगायचा तिला धीर झाला नाही.

"पोलिसात भरती व्हायला आलात ना? मग दार उघडत नाही म्हणजे नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे. नवं पत्र येईल. यायचं असेल तर या."

शेवटचं वाक्य तो बहुधा सगळ्यांनाच म्हणत असावा. रेनाला मात्र ते परतीच्या विमानात बसेपर्यंत ऐकू येत राहिलं.

घडलं ते असं. ती भाड्याची मोटार घेऊन सहापदरी रस्त्यावरून चालली होती. समोरून, पलीकडच्या बाजूने, एक शववाहिनी आली. तिच्यामागे दिवे लावलेल्या तीनच गाड्या. रेनाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिने गाडी कडेला घेतली, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाड्या जायची वाट पाहत बसली. तिच्या गावाकडे शववाहिनी दिसली की समोरून येणारा प्रत्येक जण थांबतो. मेलेला कोण, हे कोणी विचारत नाही. दुधाची गाडी थांबते, कोळशाचा ट्रक थांबतो, शाळेची बस थांबते. आणि काउंटीतल्या, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या, प्रत्येक अंत्ययात्रेच्या पुढे शेरीफच्या पोलीस कचेरीतली एक गाडी असते. गेली नऊ वर्षं बहुतेक वेळा ती गाडी रेनाच चालवत होती.

फिनिक्समध्ये तिच्यामागून हॉर्नचा एकच गिल्ला झाला. एकाने खिडकी खाली करून तिच्या आईचा उद्धार केला. मग निळे दिवे चमकवत पोलिसांची एक गाडी मागे येऊन उभी राहिली, आणि एक तरुण शिपाई खिडकीशी वाकला.

"गाडी बिघडली का?"

"नाही. ती अंत्ययात्रा चालली होती ना, म्हणून."

त्याने पलीकडे पाहिलं. शववाहिनी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"कोण होतं तुमचं?"

"कोणी नाही."

"मग थांबलात कशाला?"

हा प्रश्न रेनाला आजवर कोणी विचारला नव्हता. शिपायाने तिचा परवाना पाहिला, यंत्रावर काहीतरी तपासलं आणि सावकाश परत आणून दिला. "केंटकी," तो म्हणाला, जणू आजाराचं नाव कळलं. "इथे असं मधेच थांबू नका, मॅडम. लोक मागून येऊन धडकतील, मग तुमच्यासाठीही एक शववाहिनी बोलवावी लागेल." दंड न करता त्याने तिला सोडलं. पण वेळ जायचा तो गेला होता.

*

रेनाला फिनिक्सला का जायचं होतं, हे तिने कोणाला नीट सांगितलं नव्हतं. पगार दुप्पट होता, हे कारण सांगायला सोपं होतं आणि खोटंही नव्हतं. पण खरं कारण लॉनी फ्यूगेट होता, किंवा लॉनीसारखे सगळेच. लॉनी शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. गेल्या हिवाळ्यात चोरीच्या तांब्याच्या तारांसकट तिने त्याला पकडलं. बेड्या घालताना तो म्हणाला, "जरा सैल घाल गं रेना, मनगट दुखतंय," आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई कशी आहे तुझी?" पुढच्या आठवड्यात लॉनीची आई कचेरीत ‘ॲपल पाय’, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. पोराला सोडवायला नव्हे. पोराला पकडताना रेना नीट वागली म्हणून. तो सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. रेनाच्या घशाखाली तो उतरला नाही.

तिला अशा गावात काम करायचं होतं, जिथे बेड्या घालताना कोणाची आई आठवणार नाही.

*

शेरीफ डॉयल स्टिडम हा साठीचा, पोट सुटलेला, चार निवडणुका जिंकलेला माणूस. ती परत आली त्या सोमवारी तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन टेकला.

"काय म्हणतंय वाळवंट?"

"गरम आहे."

"घेतलं का तुला?"

"उशीर झाला. दार बंद झालं होतं."

"तुला? उशीर?" डॉयल मनापासून हसला. "अगं, तू स्वतःच्या लग्नाला लवकर गेली असतीस, नवरा मिळाला असता तर!"

"शेरीफ, तुम्ही तुमचं बघा. तुमच्या लग्नाला बायको उशिरा आली होती, असं ऐकलंय मी. विचार करत होती म्हणे."

"अजून करतेय," डॉयल म्हणाला. मग आवाज उतरवून, "हे बघ कॉडिल, जानेवारीत माझा दुय्यम बर्ट निवृत्त होतोय. त्याची जागा तुला देतो. माझ्यानंतरची तू. आणि माझ्यानंतर म्हणजे खरंच माझ्यानंतर. पुढच्या निवडणुकीला मी उभा राहणार नाही. तिकडे तू कोण? यादीतला नुसता एक आकडा. इथे अख्खी काउंटी तुझ्यामागे दिवे लावून येईल."

"अंत्ययात्रेत येते तशी?"

"येतात ना पण? पुढच्या सोमवारी सांग मला."

मागणं वाईट नव्हतं. रेनाने रात्रपाळ्या केल्या होत्या, पुरात माणसं काढली होती. जागा तिच्या हक्काची होती. त्याच शुक्रवारी फिनिक्सचं दुसरं पत्र आलं. नवी तारीख, तेच दार, तेच दहा. खाली लिहिलं होतं, आठ दिवसांच्या आत कळवावं.

*

शनिवारी व्हर्ना आयसनची अंत्ययात्रा होती. व्हर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढलं होतं, त्यामुळे गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली. रेना सगळ्यात पुढे, निळे दिवे लावून, माणूस भरभर चालेल इतक्याच वेगाने चालली होती. समोरून येणाऱ्या गाड्या खडीवर उतरून थांबत होत्या. पुलाजवळ तुरुंगातली माणसं रस्त्याकडेचा कचरा वेचत होती, नारिंगी कपड्यांत, हातात पिशव्या. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि टोप्या छातीशी धरल्या. त्यांत लॉनी होता. व्हर्नाने त्यालाही वाढलं असणारच. त्याने रेनाकडे पाहिलं नाही. तो शववाहिनीकडे पाहत होता. रेनाला त्या क्षणी बरं वाटलं, आणि बरं का वाटलं ते तिला कळलं नाही. इथेच राहावं की काय, असंही वाटून गेलं. असं वाटणं म्हणजे निर्णय, असं ती धरून चालली असती तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे वडील आर्लिस ओसरीवर बसले होते. खाणीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. फुप्फुसात कोळशाची धूळ, नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर बीन्सचा वाडगा. शेजारीच राहणारी त्यांची बहीण ओपल रोज काहीतरी शिजवून आणून ठेवायची आणि मिठावरून रोज शिव्या खायची.

"व्हर्नाला नीट पोचवलंस?"

"पोचवलं, डॅडी."

"कोण थांबलं नाही?"

"सगळे थांबले."

म्हाताऱ्याने मक्याच्या पावाचा तुकडा बीन्समध्ये बुडवला. "मी मेलो की पुढे तूच गाडी चालवशील, असं ओपल सगळ्यांना सांगत फिरतेय. तिला वाटतं तेवढ्यासाठी तू राहशील. मी म्हटलं, डॉयल चालवेल की. हळू चालवतो, पण मला तरी कुठे घाई असणार!"

रेना पायरीवर बसली आणि तिने पहिल्यांदाच खरं सांगितलं. सहापदरी रस्ता, तीन गाड्या, तो शिपाई. आर्लिस इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबेपर्यंत तिला त्यांची पाठ धरून बसावं लागलं.

"तीनच गाड्या," ते डोळे पुसत म्हणाले. "बिचारा. तू धरून चार." मग त्यांनी वाडगा बाजूला ठेवला. "पोरी, एक विचारतो. त्या दारात वेळेवर पोचावं, असं तुला वाटत होतं का?"

"म्हणजे काय? एवढं तिकीट काढून गेले मी!"

"तिकीट मीही काढलं होतं. डेटनला."

डेटनची गोष्ट रेनाला पाठ होती. एकोणीस वर्षांचा आर्लिस ओहायोत फ्रिजच्या कारखान्यात लागला, आणि तीन महिन्यांत कारखान्याने माणसं कमी केली, त्यात हा गेला. घरी येऊन खाणीत उतरला. डेटनने घेतलं असतं तर फुप्फुसं शाबूत राहिली असती, असं ओपल दर ख्रिसमसला म्हणायची.

"कोणी काढलं नव्हतं मला," आर्लिस म्हणाले.

रेनाने वर पाहिलं.

"माणसं कमी केली, ते खरं. पण मी आधीच निघालो होतो. दर शुक्रवारी रात्रभर गाडी हाकून घरी यायचो, रविवारी परत. एका रविवारी निघालोच नाही. दोन आठवड्यांनी कारखान्याची बातमी आली, तेव्हा म्हटलं, बरं झालं. सगळ्यांना सांगितलं, काढलं म्हणून. तुझ्या आईला पण. अजून ओपल त्या कारखान्याला शिव्या घालते आणि मी बसून ऐकतो."

"पस्तावलात?"

"आल्याचा नाही. इथे तुझी आई भेटली, तू झालीस. फुप्फुसं गेली ती गेली." त्यांनी नळी सारखी केली. "पण ते ठरवलं मी होतं, आणि नाव लावलं कारखान्याचं. आपण ठरवलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकलं ना, की ते कधी आपलं होत नाही बघ. जायचं नसेल तर नको जाऊस. डॉयलची जागा चांगली आहे. पण त्या तीन गाड्यांवर ढकलू नकोस. त्या मेलेल्या माणसाने तुझं काय वाकडं केलंय?"

रेनाला तो दिवस आठवला. त्या रस्त्यावर तिला हॉर्न ऐकू येत होते, घड्याळ दिसत होतं. शववाहिनी गेल्यावरही ती थोडा वेळ तशीच बसून राहिली होती, तो शिपाई यायच्या आधीपासून. ते थोडं किती, मिनिट की चार, हे तिने आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारून पाहिलं. चारच्या जवळ असावं.

"बीन्समध्ये मीठ कमी आहे," आर्लिस म्हणाले.

"आत्याला सांगा."

"सांगतो. माझ्या अंत्ययात्रेला येणार नाही म्हणते."

सोमवारी रेनाने डॉयलला सांगितलं. "शेरीफ, मी परत जातेय परीक्षेला."

"आणि नापास झालीस तर?"

"तर नापास झाले म्हणून सांगेन."

डॉयलने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "जागा मी धरून ठेवणार नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने खणातून एक पाकीट काढून त्याने तिच्या टेबलावर टाकलं. तिच्याबद्दल फिनिक्सला पाठवायचं शिफारसपत्र होतं ते, सहा आठवड्यांपूर्वीची तारीख घातलेलं, तिकीट लावलेलं. "पोस्टात टाकायचं राहून गेलं होतं," एवढंच बोलून तो बाहेर गेला.

*

दुसऱ्या वेळी ती उतरली होती ते लॉज त्या दारापासून वीस मिनिटांवर होतं. तिने वाटेतल्या सिग्नलचा हिशेब केला, आणि मग त्यात एक तास वाढवला. सव्वाआठनंतर थोड्याच वेळात निघाली. सहापदरी रस्ता तोच होता. ती उजव्या कडेच्या पदरातून चालली होती, पलीकडच्या बाजूवर एक डोळा ठेवून. पिझ्झा पोचवणारा एक जण गेला, पाण्याचा टँकर गेला, नवरानवरीची फुलांनी सजवलेली एक गाडी हॉर्न वाजवत गेली. शववाहिनी काही आली नाही.

पावणेनऊच्या आतच ती दारापाशी उभी होती. ओरोस्को अजून खुर्ची मांडत होता. त्याने तिला ओळखलं.

"बारा मिनिटंवाल्या बाई! आज रात्रीच येऊन झोपलात की काय इथे?"

"वाटेत थांबावं लागलं तर, म्हणून लवकर निघाले."

"शनिवारी सकाळी? कशासाठी थांबायचंय?"

या वेळी तिने सांगितलं. "कोणाची अंत्ययात्रा आडवी आली तर."

ओरोस्कोने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"आणि आली असती तर थांबला असतात? परत?"

"हो. म्हणून तर तास हाताशी ठेवला."

त्याने टेबलावरची कोरी यादी पुढे ओढली, पेन झटकलं आणि पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहायला घेतलं. आडनावापाशी अडला.

"कॉडिल," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर सांगू लागली.