कणगी वाजवून

महादूनं डॉक्टरच्या टेबलावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं. बद्द आवाज आला. अस्सल सागवान. त्यानं बहिणीकडं बघून मान हलवली, म्हणजे माणूस तालेवार दिसतोय.

गुणाबाईची नजर खाली होती. खुर्चीच्या दोन हातांमध्ये ती कशीबशी मावली होती, आणि उठताना खुर्ची सोबत येईल की काय, एवढाच घोर तिला लागला होता.

पोरगी द्यायची तर मुलाच्या घरची भाताची कणगी वाजवून बघायची, ही महादूची जुनी रीत. रिकामी कणगी पोकळ वाजते, भरलेली बद्द वाजते. टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत त्यानं जुळवलेल्या सोयरिकींना गणती नव्हती. आता मुरबाडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की गुणाबाईचं वजन असंच राहिलं तर गुडघ्यांचं सोडाच, झोपेत श्वास अडकून ती एक दिवस उठायचीच नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या, पण सर्जन नीट बघून निवडा. बघून निवडा म्हटल्यावर महादूनं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि निघाला, स्थळ बघायला निघाल्यासारखा.

हा कल्याणचा डॉक्टर त्याला पसंत पडला. मूळचा शहापूरकडचा निघाला. मामाचं गाव विचारलं, तेही ओळखीचं. वर चहा मागवला.

"काळजी सोडा, महादूशेठ. महिन्याभरात बाई पळायला लागेल."

"पळंल ना नक्की?"

"पळेल म्हणजे! तुम्हालाच मागं धावायला लागेल."

दोघं मोठ्यानं हसले. मधेच नर्स चुकीची फाईल घेऊन आली, डॉक्टर तिला हळूच काहीतरी बोलला, ती परत गेली. महादू तेव्हा भिंतीवरची सर्टिफिकिटं बघत होता.

ठाण्याची बाईडॉक्टर त्याआधीच बघून झाली होती. तिनं गाव विचारलं नाही, चहा तर नाहीच नाही. आत गेल्या गेल्या म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी भाऊ हाय तिचा."

"कळलं. बाहेर बसा."

बाहेरच्या बाकड्यावर महादू बसला तो पंगतीतून उठवल्यासारखा. आत पुष्कळ वेळ गेला. मग त्याला बोलावून तिनं सांगितलं, आधी साखर खाली आणायची, झोपेची तपासणी करायची, ऑपरेशननंतरही जन्मभर खाणं सांभाळायचं. आणि धोका असतो, तो नाही असं मी म्हणणार नाही.

"वराची आयच पोराची खोट सांगत बसली तर सोयरीक व्हायची कशी?" येताना एसटीत तो फणफणला होता. गुणाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली होती.

कल्याणहून आले त्या संध्याकाळी महादूच्या ढाब्यावर गिऱ्हाईक कमी होतं. गुणाबाई मागच्या चुलीपुढं पाटावर बसून भाकऱ्या थापत होती. सासरहून परत आली, तेव्हापासून ती ह्याच चुलीपुढं होती. आली तेव्हा काडीसारखी होती. कुणाशी बोलली नाही, कुणी खोदून विचारलंही नाही. खात मात्र गेली. खातेय म्हणजे सावरतेय, असं महादूला वाटायचं. तोच तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचा, वर तेल सोडायचा. "खा गो, खा."

तो चुलीजवळ उकिडवा बसला.

"कल्यानचाच धरू आपन. मानूस चांगला हाय गो. मी बघून आलोय."

 आपलाच आवाज त्याच्या कानात राहिला. तिच्या लग्नाची सुपारी फुटायच्या आधी, ह्याच चुलीपाशी, शब्दाला शब्द हेच तो बोलला होता.

गुणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"कणगी भरलेली व्हती गो त्यांची," महादू एकदम म्हणाला. तिनं काही विचारलं नव्हतं.

"भरलेलीच व्हती. तांदूळ मीच काढायची."

भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली.

"नवऱ्याला मी आधी बघितलेला," ती म्हणाली. "म्हशाच्या जत्रंत. बैल बसला व्हता, उठंना. तर यानं बैल हाकायची परानी घेतली नि त्याच्या डोळ्यावर मारली. परत मारली. आजूबाजूचे हसत व्हते."

"मग लग्नाआधी बोल्ली का नायस?"

भाकरी टम्म फुगली. तिनं ती काढून टोपलीत ठेवली.

"इचारलंस कवा?"

मीठ दे म्हणावं, इतक्या साध्या आवाजात. रस्त्यावरून घाटाकडं एक ट्रक गेला. महादूनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा हातात घेतली.

"बरं," तो म्हणाला. "आता इचारतो. तुला कंचा डाक्तर बरा वाटला?"

ती पीठ मळत राहिली. मळून झालं तरी मळत राहिली.

"कल्यानवाला त्या नर्सला काय बोल्ला, ऐकलंस?"

"नाय."

"मला पन नीट नाय ऐकू आलं. पन फाईल उचलताना पोरीचे हात कापत व्हते रे."

"आनि ठान्याची बाय?"

"ती बोल्ली, ऑपरेशन तुमाला करायचंय का भावाला?"

"मग तू काय बोल्लीस?"

गुणाबाईला हसू आलं. पदरानं तिनं तोंडावरचा घाम पुसला. "बोल्ले, भावाला इचारून सांगते."

महादू हसायला गेला. तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. तो उठला, तिच्यासाठी वाढलेल्या ताटाकडं बघत उभा राहिला, आणि तेलाची बरणी फळीवर मागं सरकवून ठेवली.

पुढच्या आठवड्यात दोघं ठाण्याला गेली. बाईडॉक्टरनं मान वर केली, "तुम्ही जरा..." म्हणेपर्यंत महादू दाराबाहेर होता.

बाकड्यावर बसल्यावर सवयीनं त्याचा हात शेजारच्या भिंतीकडं गेला. पेरं टेकायच्या आत त्यानं तो मागं घेतला आणि टोपीखाली दाबून ठेवला.

आतून बहिणीचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग मोकळा. इतकं सलग बोलताना तिला त्यानं कधी ऐकलं नव्हतं. जराशानं शब्दही ओळखू यायला लागले. तेव्हा महादू उठला, आणि बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.