फुटकी बादली

कुलूपवाल्याचा संशयी स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक होता. बँकेतून खरोखरीचा फोन आला तरी हा पठ्ठ्या समोरच्याचीच उलटतपासणी घ्यायचा, "आधी तुमचं नाव सांगा, मग तुमच्या साहेबांचं," आणि बिचारा समोरचा वैतागून फोन ठेवायचा. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक तो उघडत नसे, ओळखीच्या नंबरवरून आलेली तर मुळीच नाही. लेकीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली होती. पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता तो फाडायचा, पाण्यात भिजवायचा आणि त्याचा लगदा झाला की मगच कचऱ्यात टाकायचा.

धाकटा भाऊ त्याच्याच दुकानात बसायचा आणि दिवसभर त्याची टर उडवायचा. "दादा, एक दिवस तू आरशातल्या माणसाकडे ओळखपत्र मागशील."

"मागीन की. नसलं त्याच्याकडे, तर दाढी न करता परत येईन."

एके दिवशी एक गिऱ्हाईक कुलूप बदलायला आलं आणि आपल्या सासऱ्यांची हकिगत सांगून गेलं. म्हाताऱ्याला नातवाचा रडका फोन आला, त्यानं होतं नव्हतं ते पाठवून दिलं, आणि नातू मात्र शेजारच्या खोलीत झोपलेला. आवाज हुबेहूब त्याचाच, पण यंत्रानं बनवलेला. कुलूपवाल्याचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी त्यानं फर्मान काढलं, की घरच्या कुणाचाही अडचणीचा फोन आला तर आधी खुणेचा शब्द विचारायचा आणि मग काय रडायचं ते रडायचं.

शब्द त्यानं एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगितला आणि घरातसुद्धा तो उच्चारायचा नाही, अशी तंबी दिली. साहजिकच प्रत्येकाला वाटलं, की शब्द सगळ्यांना मिळून एकच आहे. तसं नव्हतं. आयुष्यभर किल्ल्या घासलेला माणूस तो, तीन दारांना एक किल्ली करणं त्याच्या हातून होण्यासारखंच नव्हतं. आणि त्यात काही सांगण्यासारखं आहे असंही त्याला वाटलं नाही.

बायकोचा शब्द होता हिरवी छत्री, कारण लग्नाआधी ती त्याच्या दुकानात छत्री विसरली होती, आणि ती मुद्दाम विसरली होती की चुकून, यावर अजून वाद चालू होता. लेकीचा शब्द मगर, कारण लहानपणी ती स्टेपलरला मगर म्हणायची. ती आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहत होती.

धाकट्याला त्यानं दिली होती फुटकी बादली. आईवडील गेल्यावर दोघं भाऊ एका खोलीत राहायचे. नळ खाली, खोली पार वर, आणि घरात बादली एकच, तीही तळाला भोक असलेली. दादा कडी धरायचा, धाकटा खालून भोकावर बोट दाबून वाकत वाकत जिना चढायचा. वर पोचेस्तोवर दोघेही ओलेचिंब, आणि हसून हसून पोटात दुखायला लागलेलं. ही गोष्ट बायकोलाही माहीत नव्हती. शब्द कानात पडल्यावर धाकटासुद्धा घटकाभर टर उडवायचं विसरला होता.

फोन आला तो भर दुपारी. धाकटा कोऱ्या किल्ल्या आणायला बाजारात गेला होता. नंबर अनोळखी, पण आवाज लेकीचा.

"बाबू…"

एवढ्या एका शब्दानं तो ताडकन उठून उभा राहिला. लेक एरवी त्याला बाबा म्हणायची. घाबरली की मात्र तिच्या तोंडून बाबू निघायचं, अगदी तीन वर्षांची असल्यापासून. तिच्या गाडीनं म्हणे कुणाला तरी उडवलं होतं. माणसं जमली होती, त्यांनी तिचा फोन काढून घेतला होता, लगेच पैसे पाठवले नाहीत तर ते सोडणार नव्हते. मागे कुणीतरी पुरुष ओरडत होता.

"रडू नकोस. मी आहे. रडू नकोस, बाळा." दुसऱ्या हातानं त्यानं दुकानातला फोन उचललासुद्धा, पैसे पाठवायला. सगळा संशय, सगळी हुशारी कुठल्या कुठे पळाली होती. केवळ सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "शब्द सांग."

"फुटकी बादली," लेकीचा आवाज हुंदके देत म्हणाला.

कुलूपवाला मटकन स्टुलावर बसला. ही लेक नव्हे! आनंदानं त्याला भडभडून आलं. त्यानं फोन बंद केला, घरी बायकोला लावला, आणि ती म्हणाली, "अहो, आत्ताच बोलले मी तिच्याशी. ऑफिसात जेवत बसली आहे. का हो?" त्यानं थोडक्यात काय झालं ते सांगितलं आणि वर तो हसलाही. पोर सुखरूप आहे, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरायलाच तयार नव्हतं.

मग ते शिरलं.

एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आली होती, तिच्या किल्लीचा एक दात त्यानं जास्त घासला. दुसरी घेतली, तीही बिघडवली. "उद्या या," म्हणाला. बाई त्याच्याकडे बघतच राहिली, कारण या दुकानात कुणाला उद्या या असं कधी ऐकावं लागलं नव्हतं.

धाकटा पिशवी घेऊन आला. आल्या आल्या त्यानं दादाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि लगेच नजर पिशवीत घातली.

"आपली बादली कुणाला दिलीस रे?" कुलूपवाल्यानं विचारलं.

"कसली बादली?"

"फोन आला होता. पोरीचा आवाज होता, आणि शब्द तुझा होता."

"माझा म्हणजे? शब्द तर सगळ्यांचा एकच…" धाकटा बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. "तू प्रत्येकाला वेगळा दिलास? आम्हाला न सांगता? म्हणजे घरातल्या एकाही माणसावर तुझा भरवसा नव्हता, दादा!"

क्षणभर कुलूपवालाच ओशाळला. चोर कोण आणि जाब कोण विचारतोय! मग मात्र त्याला राग आला, पण तो ओरडला नाही. "भरवसा नसता तर तुला कुठलाही शब्द चालला असता. बाजारातला टोमॅटो चालला असता. ती बादली मी तुझ्याशिवाय कुणाला देऊ शकलो असतो?"

धाकटा खाली बसला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये त्यानं पैसे गुंतवले होते. आकडे स्क्रीनवर भराभर वाढले, पण काढायला गेला तर निघेनात. मग एक गोडबोल्या माणूस रोज फोन करायला लागला. अडकलेलं सगळं सोडवून देतो म्हणाला. आधी त्यानं ओळखपत्रांचे फोटो घेतले, मग घरच्यांची माहिती घेतली. शेवटी खुणेचा शब्द आणि पुतणीचा आवाज मागितला. तिनं काकाला बोलून पाठवलेले निरोप फोनमध्ये होतेच.

"मला वाटलं, तू थोडेसे देशील, माझे सुटतील, आणि मी तुझे गुपचूप परत करीन. शप्पथ दादा, मी परत करणार होतो."

"माझ्याकडे मागायचे होतेस."

"तू हसला असतास. एवढं सांगत होतो आणि गेलास ना फसून, असं म्हणाला असतास."

ते खरं होतं. हसला असता, आणि दिलेही असते. पैशांचं त्याला काही वाटत नव्हतं. एकच गोष्ट त्याला सलत होती.

"ते रडणं तू आधी ऐकलं होतंस?"

धाकट्यानं मान वर केली नाही. "ऐकवलं होतं त्यांनी. बरोबर वाटतंय का, विचारायला."

"मग?"

"दादा, जाऊ दे ना."

"मग तू काय सांगितलंस?"

"ती… त्यात बाबा म्हणत होती." धाकट्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी म्हटलं, घाबरली की ती बाबा नाही म्हणत, बाबू म्हणते."

कुलूपवाला त्याच्याकडे बघत राहिला. हाच पोरगा लेकीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरायचा. तिच्या तोंडून पहिल्यांदा बाबू आलं तेव्हा दारात हाच उभा होता, आणि ते ऐकून भावाआधी हाच हसला होता. यानं ते नेऊन त्या माणसांना शिकवलं! कुलूपवाल्याला वाटलं, आपलं कुणीतरी वारलं आहे आणि ते कोण, हे कुणी सांगत नाही.

टेबलावरचा फोन वाजला. स्क्रीनवर लेकीचं नाव होतं, तिचा हसरा फोटो होता. आईनं तिला सांगितलं असणार. एरवी तिचा फोन आला, की हातातली किल्ली टाकून तो धावायचा. आता तो फोनकडे नुसता बघत बसला.

धाकट्यानं डोळे पुसले. "घे ना, दादा. वाट बघत असेल. तिचाच आहे."

"तुला ओळखता येतो," कुलूपवाला म्हणाला. "मला आता कसा येणार?"