डोंगा रुतला वाळूत

दीक्षानं स्टेथोस्कोप आजीच्या पोटावर टेकवला आणि डोळे मिटले. पोट ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं. आत खोल कुठंतरी, आटत्या विहिरीत खडा पडावा तसा एक बुडबुडा वाजला. मग पुन्हा चिडीचूप.

"काय म्हणते माहं पोट?" चंपाबाईंनी विचारलं. "मराठीत बोलते का चिनीत?"

"आजी, हासू नको. खरं सांग, वारा सरतो का?"

"सरतो ना."

"कवा सरला?"

"आता घड्याळ पाहून पादतात का वं?"

एरवी दीक्षा खळखळून हसली असती. आज तिनं आजीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि चंपाबाईंनी ते डोळे हळूच खिडकीकडं वळवले.

सगळं अडलं होतं ते याच एका उत्तरापाशी. वारा सरत असेल तर आतली वाट उघडी आहे, नुसती कोरडी पडलीय. औषध काम करील. सरत नसेल तर आतडं कुठंतरी बंद झालंय. अशा पोटात जुलाबाचं औषध घालणं म्हणजे तोंड शिवलेल्या पोत्यात वरून धान्य रेटणं. पोतं फाटतं. आणि आजी तर खरं बोलत नव्हती, एवढं दीक्षाला कळत होतं.

मार्चअखेरीस चंपाबाई अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुबा मोडला. आदिलाबादला नेऊन आत सळई बसवली, बेल्याला गावच्या घरी आणून खाटेवर निजवलं. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी दुखणं थांबलं, पण आतडीही झोपी गेली. आठवडा होत आला, पोट साफ नव्हतं. दवाखान्यातून दिलेलं गोड सिरप झालं, गोळ्या झाल्या, इसबगोल झालं. काही म्हणता काही हललं नाही.

दीक्षा चीनमधून डॉक्टरी शिकून आली होती. इथली परीक्षा अजून व्हायची होती, म्हणून दारावर पाटी नव्हती. तिकडच्या दवाखान्यात झाडपाल्याच्या औषधांचा एक वेगळाच वॉर्ड होता, आणि तिथं लिन मॅडम नावाच्या एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई शिकवायच्या. येताना त्यांनी दीक्षाच्या पेटीत पुड्या भरून दिल्या होत्या. तेलकट बिया, काळ्या चिकट मुळ्या, कडू साली, आणि वेगळ्या कागदात एक पिवळी मुळी. ती देताना त्यांनी बोट उगारलं होतं. ही शेवटी, ही जपून.

परवापासून पिवळी मुळी वगळून काढा चालू होता. सकाळ-संध्याकाळ आजी पेला रिकामा करून परत द्यायच्या. पेला रिकामा, आणि पोट तसंच.

"काय वं चिनी डाक्टरीन!" शेजारच्या जयवंताबाई एरंडेलाची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. "झुरळं उकळून राह्यली का पाली? गल्लीभर वास सुटला."

"मावशी, पाला हाय तो."

"पाला तं आमची बकरीबी खाते. चांगली लेंड्या टाकते. तुही आजी काऊन नाही टाकत मंग?" पण खाटेवरच्या पोटाकडं नजर गेली तशी जयवंताबाईंनी बाटली पदराआड घेतली. "पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे साधं नाही दिसत."

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. अमरदीप आदिलाबादला कचेरीत होते.

"सर्जन संध्याकाळी बसतात. नागोरावची गाडी सांगितली, उन्हं उतरली की येईल. दीक्षा, तुझा काढा आता पुरे. पोट उघडावं लागलं तर लागलं."

पोट उघडावं लागलं तर. खुब्याची जखम अजून लाल होती, रक्त कमी होतं. त्या टेबलावरून आजी परत येईलच, हे दीक्षाला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं.

"बाबा, उलटी नाही, ताप नाही. संध्याकाळपर्यंत थांबते. मधे उलटी झाली तर लगेच घेऊन निघते, नाहीतर गाडी आली की निघते."

चुलीशी शुभांगी, तिची आई, पातेलं ढवळत होती. तिनं पिवळी मुळी उलटीपालटी केली, नाकाशी नेली. "अगं, ही तं रेवंदचिनी! आमच्या निर्मल गावच्या हकिमाच्या जुलाबाच्या पुडीत हेच असे. टाकू का?"

"नको आई! ही आधी टाकली अन् उकळली तं जोर मरते. शेवटी, उतरवताना टाकायची." दीक्षानं मुळी हातात घेतली. मग तिथंच थबकली. परवापासूनच्या काढ्यानं एक थेंबही काम केलं नाही, याचा अर्थ काय? काढा हलका पडला म्हणून मुळी टाकायची? का वाट बंद आहे म्हणून मुळी फेकून द्यायची? मुळी तळहातावर पडून होती. बोटभर लांब, हळकुंडासारखी साधी.

ती पुन्हा आजीकडं गेली. आजी डोळे मिटून पडल्या होत्या, ओठांना पापुद्रे आलेले. दीक्षा खिडकीपाशी उभी राहिली.

बाहेर एप्रिलचं ऊन. अंगणातला सदाफुलीचा वाफा जळून गेला होता, जास्वंदीनं माना टाकल्या होत्या. आणि खाटेला लागून असलेल्या खिडकीत, फुटक्या डब्यातला झेंडू मात्र श्रावणातल्यासारखा. हिरवाकंच. दोन कळ्यासुद्धा.

दीक्षानं मातीत बोट घातलं. माती ओली होती. बोट बाहेर काढलं ते तपकिरी झालेलं. नाकाशी नेलं. कडसर, गोडसर, ओळखीचा वास.

ती खाटेच्या काठावर बसली.

"आजी. काढा झेंडूनं पेला?"

चंपाबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"अन् पाणी? मी रोज तांब्या भरून ठेवते. तोबी झेंडूनंच पेला?"

"झाड हाय," चंपाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "त्यालेबी जीव हाय."

"अन् तुले नाही?" दीक्षाचा आवाज चिरकला. "मी आता हे मुळी टाकून राह्यली होती, आजी! काढा चालत नाही म्हणून जोराचं द्यायले निंघाली होती. कोरड्या पोटात! काही झालं असतं तं? काऊन केलं असं?"

चंपाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. मग त्या भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलल्या.

"पेलं की होते. झालं की ते भांडं लागते बुडाखाली. अन् मंग तू उचलतं."

"मंग?"

"मंग काय मंग! आमी नव्या लग्नाचे होतो. गावानं तुह्या आज्याले सांगावा धाडला, ढोर मेलं, ओढाले ये. नाही म्हणला. पाणी बंद झालं, मजुरी बंद झाली. आमी पैनगंगेचं पाणी डोक्यावर आणलं, पण घाणीले हात नाही लावला. म्हणला, आता आपल्या घरातलं कोणी उचलणार नाही. अन् मी त्याच्या डाक्टर नातीच्या हाती माही घाण देऊ?"

म्हणजे आठवडाभर आजीनं घोटानं जीभ ओली केली होती, पाणी प्यायलं नव्हतं. कळ आली की दात आवळून परतवली होती. हा पाण्याचा उपास कोणी नेमून दिला नव्हता आणि कोणाला कळलाही नव्हता. कळ येत होती म्हणजे वाट बंद नव्हती, नुसती कोरडी पडली होती. दीक्षाला रडायला वेळ नव्हता.

लिन मॅडम म्हणायच्या, म्हाताऱ्या माणसाचं पोट म्हणजे कोरड्या नदीतली नाव. ढकलू नका, आधी पाणी सोडा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा परक्या देशातल्या त्या वर्गात दीक्षाच्या अंगावर काटा आला होता, कारण हे तिनं जात्यापाशी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलं होतं. आता तिनं आजीच्या कानाशी तोंड नेलं आणि हलक्या आवाजात म्हटलं,

"डोंगा रुतला गं बाई, पैनगंगेच्या वाळूत
नको रेटू रे नावाड्या, पाणी येऊ दे नदीत."

चंपाबाईंच्या पापण्या हलल्या. "कोणाची वं ही ओवी?"

"तुहीच. तू म्हणत होती. आता पी."

तिनं पेला ओठांना लावला. चंपाबाईंनी खिडकीकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, आणि प्यायल्या. पाणी, मग काढा, मग मीठ-साखरेचं पाणी. आधी पाणी जाणार होतं, म्हणून दीक्षाच्या सांगण्यावरून शुभांगीनं पातेलं उतरवताना मुळीचा नखाएवढा तुकडा टाकून झाकण ठेवलं होतं. दुपारभर दीक्षा खाटेपासून हलली नाही. दर थोड्या वेळानं पोटावर कान. एक बुडबुडा. दोन. मग लांबून गाडं यावं तशी गडगड.

आणि उन्हं उतरताना चंपाबाई कळवळल्या.

"माय वं!" त्यांनी खाटेची पाटी धरली. कपाळ घामानं डबडबलं. पोट दगड झालं, सैल झालं, पुन्हा दगड. शुभांगीनं भांडं पुढं केलं. काही नाही. पुन्हा कळ. पुन्हा काही नाही. बाहेर नागोरावची गाडी थांबली, हॉर्न वाजला.

"दीक्षा, चाल!" शुभांगी रडकुंडीला आली. "आत्याबाईले काही झालं तं तुह्या बाबाले काय तोंड दाखवू? अडलं हाय ते, ऐक माहं!"

कळा येताहेत आणि बाहेर काही पडत नाही. पुस्तकाप्रमाणं तर हे अडलेलंच. चुकलो का आपण? मुळी टाकायलाच नको होती का? दीक्षानं चादर सरकवली आणि आजीच्या पायांकडं पाहिलं. मांड्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या, बोटं मुडपलेली, ओठ दातांखाली.

अडलं नव्हतं. आजी अडवत होती.

"मावशी!" दीक्षानं खिडकीतून हाक मारली. "नागोराव काकांले चहाले ने वं तुह्या घरी!"

जयवंताबाईंना जास्त सांगावं लागलं नाही. "चाल बापा," त्यांचा आवाज अंगणातून आला, "बायकांच्या घरात काय कान लावून बसतं? गाडी काही पळून नाही जात. अन् तो भोंगा नको वाजवू, आधीच घरात भोंगा अडकला हाय."

दीक्षानं ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली. विळा चुलीत तापवून तिनं बैठकीला गोल भोक पाडलं. जळक्या प्लास्टिकचा धूर झाला. खाली भांडं ठेवलं, कडांवर जुनं लुगडं गुंडाळलं.

"निजून कोणाचं होईन, आजी? माणसासारखी बस. सळईचा पाय पुढं, भार माह्या खांद्यावर."

"नाही." चंपाबाई दातांतून बोलल्या. "पोरी, कोणी बाई बलाव. पैसे दे तिले. ते उचलंन. तू नको."

दीक्षा वाकली होती, तशीच थांबली.

"अन् ते बाई कोणाची नात असंन, आजी?"

शुभांगीनं तोंडावर पदर धरला. चंपाबाईंनी नातीकडं पाहिलं. रागानं, मग नवलानं, मग जणू समोर तिचा आजाच उभा आहे असं. त्यांच्या हनुवटीवरचं गोंदण थरथरलं.

"बसव मले," त्या म्हणाल्या.

खांद्याखाली हात, कमरेला हात. चंपाबाई किंचाळल्या, शिव्या दिल्या, आणि बसल्या. त्यांनी दीक्षाच्या दंडात नखं रुतवली. कळ आली. या वेळी त्यांनी मांड्या आवळल्या नाहीत. दीक्षा श्वास धरून उभी. पहिल्यांदा सुटला तो वारा, लांब, फाटक्या तुतारीसारखा, आणि शुभांगी हुंदका देता देता हसली. मग कोरडे खडे भांड्यात ठणठणले. मग थांबलं. मग आणखी. मग नदी सुटावी तसं.

चंपाबाई नातीच्या पोटावर कपाळ टेकून हमसून हमसून रडल्या.

पुसून, धुऊन, निजवून झाल्यावर दीक्षानं भांडं उचललं. चंपाबाईंनी सवयीनं तोंड भिंतीकडं वळवलं. मग सावकाश ते परत फिरवलं आणि नात भांडं घेऊन दाराबाहेर जाईपर्यंत तिच्याकडं पाहत राहिल्या.

ती हात धुऊन आली तेव्हा पोट मऊ पडलं होतं. गल्लीतून नागोरावची गाडी रिकामीच वळत होती. शुभांगी फोनवर बोलत होती. "हो, झालं. हो, हो, पोट उतरलं. उद्या सकाळी नेऊन दाखवू डॉक्टरले, पण झालं."

"दीक्षे," चंपाबाईंनी हाक मारली.

"काय, आजी?"

"तांब्या दे वं. तहान लागली."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत प्यायल्या. तळाशी घोटभर उरलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, जरा विचार केला, आणि तेही पिऊन टाकलं.